पडघ्यापर्यंतची टेस्ट

शेवटचा धपाटा तिनं मला मुलुंडच्या नाक्यावर घातला. उजव्या खांद्यावर. म्हणजे उजवा जंपर मेला.

मोटरसायकलवर मागं बसलेल्या माणसाचं बोलणं पुढच्याला ऐकू येत नाही, म्हणून आमच्यात ही खूण ठरलेली होती. ठरलेली म्हणजे तिनं ठरवलेली. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन जंपर असतात, बाहेर स्प्रिंग आणि आत तेल. शिकलेली माणसं त्याला शॉकॲब्सॉर्बर म्हणतात, आम्ही जंपर म्हणायचो. डावा ढिला वाटला की डाव्या खांद्यावर धपाटा, उजवा ढिला वाटला की उजव्या. दोन्ही गेले असतील तर पाठीच्या मधोमध बुक्की. सगळं ठीक असेल तर काही नाही. शाबासकी म्हणून तिचा हात माझ्या पाठीवर कधी पडला नाही.

त्या दिवशी घाटकोपरला शेडपाशी आलो. ती उतरली, पदर झटकला, धूळ माझ्याच तोंडावर उडवली.

"उजवा मेला, मिस्त्री. परत उघडा."

"कालच भरलाय मी. रस्त्याचे खड्डे आहेत ते."

"खड्ड्यांवर मी बसलेली की तुम्ही? मागच्या माणसाला विचारावं."

आणि ती भात टाकायला घरी गेली. आमच्यातलं शेवटचं बोलणं हे असं. यात काही विशेष शोधू नका. आमचं रोजचं बोलणं असंच होतं.

तिचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या वेळेला नवरा बायकोचं नाव घेत नसे आणि बायको नवऱ्याचं. गिऱ्हाइकं मला मिस्त्री म्हणायची, म्हणून तीही मिस्त्री म्हणायची. मी तिला अगं म्हणायचो. तेवढ्यावर आमचा संसार झाला. आता ती नाही, मग अगं कुणाला म्हणू? त्यामुळे माझं बोलणंच कमी झालं. लोक म्हणतात म्हातारा खडूस आहे. आहे. तेव्हाही होतो. पण तेव्हा माझ्यापेक्षा खडूस घरात होती, म्हणून दिसून येत नव्हतं.

घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला माझी पत्र्याची शेड होती. मागं चाळ, त्या चाळीत आमची एक खोली. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोटरसायकली लिलावात निघाल्या, त्या दुरुस्त करून माझं बस्तान बसलं. त्या गाड्यांना मागं जंपर बिंपर काही नव्हतं. सीटखाली दोन स्प्रिंगा, बाकी ज्याचं त्याचं नशीब. पुढं विलायती नव्या गाड्या आल्या, लांबच्या प्रवासाच्या, मागं जंपर असलेल्या. लोक म्हणायचे गादीवर बसल्यासारखं वाटतं. वाटायचं, पण वर्षभर. मग आतली सील झिजायची, तेल ओघळायचं, आणि एक खड्डा आला की गाडी तीन उड्या मारायची. मी चौथी शिकलेला. माझ्यापाशी पुस्तक नव्हतं आणि असतं तर इंग्रजीत असतं.

गोची अशी की एकटा चालवणाऱ्याला मागचा जंपर गेलेला कळत नाही. वजन मागं पडलं की कळतं. म्हणून मी मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधून टेस्ट घ्यायचो. एकदा भांडुपच्या वळणावर पोतं सरकलं, फाटलं आणि रस्त्यावर तांदूळ पांगला. घरी येऊन सांगितलं तर ही कमरेवर हात ठेवून उभी.

"खायचा तांदूळ रस्त्यावर सांडून आलात?"

"सरकलं पोतं."

"मी बसते. मी सरकत नाही."

खरं होतं ते. जाड होती. लपवायचं काय त्यात. नऊवारी नेसायची, कासोटा घट्ट, दोन्हीकडं पाय टाकून बसली की खुंटा ठोकल्यासारखी. पहिल्याच फेरीत मुलुंडच्या नाक्यावरून परत फिरताना तिनं माझ्या डाव्या खांद्यावर दिली ठेवून. मी गाडी थांबवली. वाटलं पडतेय की काय.

"हा बाजूचा नुसता खाली जातो. वर येताना थांबत नाही," म्हणाली. "एकदा खाली, एकदा वर, मग गप्प. असं पाहिजे ना?"

मी तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. डावा उघडला तर आत तेलाचा थेंब नाही. त्या दिवसापासून ती माझ्या कामात घुसली ती घुसलीच.

आता तुम्हाला वाटेल बाई हुशार होती. होती. पण चुकायची पण. एकदा एका गाडीचे दोन्ही जंपर मेले म्हणून बुक्की घातली. मी दोन्ही सोडवले, खोलले, आत सगळं नव्यासारखं. खरं तर सीटची स्प्रिंग तुटलेली होती. मी ती तुटकी स्प्रिंग तिच्या पुढ्यात टाकली. तिनं बघितली, पायानं बाजूला सारली आणि म्हणाली, "जंपर उघडले म्हणून सापडली ना?" चुकले हा शब्द तिला येत नव्हता. मला येत होता, पण मीही काही वापरला नाही.

चाळीतल्या लोकांचं मला सांगू नका. आमच्या चाळीत कचेरीतले कारकून, गिरणीतले कोकणातले लोक, सगळी सभ्य माणसं. सभ्य म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीत बघणारी. बाई परक्या लोकांच्या गाड्यांवर ढेंगा टाकून फिरते हा त्यांचा रोजचा विषय. आम्हाला मूल नव्हतं, तर त्याचाही दोष त्यांनी मोटरसायकलला दिला. शेजारच्या खोलीतल्या वहिनींनी एकदा नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, दोन्हीकडं पाय टाकून बसायला लाज नाही वाटत? एकीकडं टाकून बसावं, बाईमाणसासारखं."

ही कळशी भरत होती. वर न बघता म्हणाली, "एकीकडं टाकून बसले तर डाव्याच जंपरचं कळंल. उजव्याला काय तुम्ही येऊन बसता?"

त्यावर नळावर जे हसले ते पुढं आठवडाभर आमच्याशी बोलले. बाकीचे नाही बोलले. नाही बोलले तर नाही बोलले.

ज्या गाडीवर आमची शेवटची फेरी झाली ती अंधेरीच्या एका ख्रिस्ती माणसाची होती. सिनेमाच्या स्टुडिओत आवाज भरायचं काम करायचा. सुट्टी मिळाली की मोटरसायकलवरून मुलूख हिंडायचा. कुठं उज्जैन, कुठं हंपी. मागं दोन पेट्या, तंबू, पातेली, स्टोव्ह. गाडीचं बूड रस्त्याला टेकायचं. चांगला माणूस, पण गाडीच्या जिवावर उठलेला. त्याच्या गाडीचे जंपर दर खेपेला मेलेले.

"साहेब, लग्न करा," ही त्याला म्हणाली.

तो लाजला. "का बाई?"

"मागं बायको बसली की जंपर गेल्याचं त्याच दिवशी कळंल. पेट्या काही बोलत नाहीत."

तो पोट धरून हसला. मी नाही हसलो. मला सील मिळत नव्हती. बाहेरून माल येणं बंद झालेलं, लोहार चाळीपासून भेंडीबाजारापर्यंत सगळे हात वर करायचे. शेवटी मी सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर घेतलं, ते एरंडेलात भिजत टाकलं आणि सीलच्या जागी बसवलं. चामडं मापात कापून द्यायचं काम हिचं. विळीवर कापायची. माशाचं सुकं कापावं तसं, डोळे बारीक करून. एरंडेलाचा वास घरभर. जेवताना सुद्धा.

चामड्याच्या वायसरची एक खोड असते. गाडी थंड असताना छान धरतं. लांब गेलं, तेल तापून पातळ झालं की सोडायला लागतं. हे तिनं ओळखलं. मुलुंडच्या नाक्यापर्यंत जाऊन काही कळत नाही, गाडी तापली पाहिजे, असं ती म्हणायला लागली.

"मग कुठपर्यंत जायचं?"

"पडघ्यापर्यंत," म्हणाली. विचार न करता.

पडघा म्हणजे भिवंडीच्या पुढं, आग्रा रोडवरच. पडघा म्हणजे तिचं माहेर.

तेल तापतं हे खरं होतं. पडघ्यालाच तापतं हे खरं नव्हतं. पण मी गाडी तिकडं घेतली, कारण त्या पडघ्याचं काय झालं होतं ते मला माहीत होतं. तेही सांगतो.

तिला एकच भाऊ, धाकटा. बाप लवकर गेला, आई शेतावर जायची, म्हणून ह्या भावाला हिनं कडेवर वाढवलेला. त्याचं पडघ्याला रस्त्यालगत किराणा मालाचं दुकान, मागं घर, पुढं ओटा. दर भाऊबीजेला तो घाटकोपरला यायचा. त्या वर्षी आला तेव्हा आम्ही नेमके टेस्टवरून परत येत होतो. ह्यानं आग्रा रोडवर बहिणीला बघितलं. केस धुळीनं पांढरे, पोटऱ्या उघड्या, लोकांच्या गाडीवर. तोंड पाडून घरात आला. हिनं पाट मांडला, तबक सजवलं, त्याला बसवलं. ओवाळायला हात उचलला आणि हा पाटावरून उठला.

"अक्का, हे असलं माझ्या दारात नको. गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. हे सोड, नाहीतर पडघ्याला येऊ नको."

पाटावर बसलेला भाऊ ओवाळून न घेता उठला. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. ती तबक हातात घेऊन उभी राहिली. तोंडातून एक अक्षर नाही. हिच्या तोंडातून अक्षर नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो. तो गेल्यावर तिनं तबकातलं निरांजन फुंकून विझवलं आणि म्हणाली, "ज्याला कडेवर घेऊन मुताचे कपडे धुतले तो मला दार दाखवतो. तो हाक मारीपर्यंत त्या ओट्यावर पाय ठेवणार नाही."

मी म्हटलं, मी जाऊन त्याचं थोबाड फोडून येतो. ती म्हणाली, फुटल्या थोबाडानं तो हाक कशी मारील?

तर असं. आई तिकडं म्हातारी होत चाललेली, हिचा जीव तिकडं लागलेला, आणि मध्ये हा एवढाच अडसर. त्यानं एकदा "अक्का" म्हणून हाक मारायची. तो मारत नव्हता आणि ही त्याशिवाय उतरत नव्हती.

म्हणून पडघ्याची टेस्ट.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं दुकानाच्या अलीकडं थांबायला सांगेल. नाही. दुकानासमोरून सरळ पुढं. मागं ताठ बसलेली, मान समोर, जशी काही दिल्लीला निघालीय. गाव संपल्यावर गाडी वळवली आणि परत दुकानासमोरून. भाऊ गल्ल्यावर बसलेला. त्यानं आमच्याकडं पाठ केली आणि फळीवरचे डबे पुसायला लागला. पुसलेलेच डबे. ओट्यावर म्हातारी बसलेली. ती उठून उभी राहिली. बस, एवढंच.

गावाबाहेर आल्यावर मी विचारलं, "जंपर कसा आहे?"

"कुठला जंपर?" म्हणाली.

त्यानंतर अंधेरीवाल्याची गाडी आली, दुसरी कुठली लांबची गाडी आली, की पडघा. रस्त्यावरच्या लोकांना तमाशा झाला. हॉटेलातले लोक कप हातात धरून बाहेर यायचे. "आली रे किराणावाल्याची बहीण!" भाऊ डबे पुसायचा. म्हातारी उठून उभी राहायची. पुढं पुढं ती गाडीचा आवाज लांबून ओळखून आधीच ओट्याच्या कडेला येऊन थांबायला लागली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून हात कपाळावर धरून. लेकीनं मान वळवली नाही कधी. पण ओटा आला की तिची बोटं माझ्या सदऱ्यात रुतायची, इतकी की घरी येऊन बघावं तर सदऱ्याला घड्या पडलेल्या.

मला राग यायचा. भावाचा यायचाच, पण हिचाही यायचा. एकदा घरी मी ओरडलोच. "अगं, उतर ना एकदा! म्हातारी आज आहे, उद्या नाही. तुझी हाक घेऊन काय करायचंय तिला?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"का नाही कळायचं?"

"तुम्हाला कुणी पाटावरून उठून गेलं नाही."

मी खाली शेडमध्ये निघून गेलो.

आता त्या दिवसाचं. अंधेरीवाला गाडी टाकून गेलेला, त्याला इंदूरला जायचं होतं. उजवा जंपर खरोखर मेलेला होता, मी चांगला खोलला, नवं वायसर, जाड तेल, सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर टेस्टला निघालो. ठाण्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. भिवंडीच्या पुढं सुद्धा मला मागून काही खूण नाही. पडघा आलं.

दुकान दिसलं आणि तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "हळू घ्या."

असं ती कधी म्हणाली नव्हती. मी हळू घेतली. म्हातारी ओटा उतरून रस्त्याच्या कडेला आलेली. आणि भाऊ गल्ल्यावर नव्हता. दुकानाच्या पायरीवर उभा होता, हातात फडकं, आणि आमच्याकडं बघत होता. पाठ केली नव्हती त्यानं. त्याचं तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं. तेवढ्यात समोरून नाशिकचा ट्रक हॉर्न मारत आला, मला गाडी पुढं घ्यावी लागली. परत आलो तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. आतून गिऱ्हाइकाशी बोलल्याचा आवाज येत होता.

कशेळीच्या खाडीवरच्या पुलापाशी इंजिन थंड करायला थांबलो. ती कठड्याला टेकून उभी राहिली. खाडीत बघत होती. मग एकदम म्हणाली, "तोंड उघडलं होतं त्यानं."

"हो."

"ट्रक नसता तर मारली असती हाक."

"जांभई पण असेल," मी म्हटलं. मी असाच बोलतो.

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि चिडली नाही. हसली. "पुढच्या खेपेला मारतो की नाही बघा. मारली की उतरणार. मग तुम्ही एकटे जा परत, पोतं बांधून."

आणि त्यानंतर मुलुंडच्या नाक्यावर तो धपाटा. उजवा मेला.

ती भात टाकायला गेल्यावर मी गाडी स्टँडवर घेतली आणि उजव्या जंपरपाशी बसलो. दांडा कोरडा. बाहेर तेलाचा टिपूस ओघळलेला नाही. हात लावून बघितला, चटका बसेल इतका तापलेला, तरी कोरडा. गाडी स्टँडवरून काढली, सीटवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं आणि सोडलं. एकदा खाली, एकदा वर, गप्प. परत दाबली. तसंच. आयुष्यात मी इतका चांगला जंपर भरला नव्हता.

म्हणजे बाई खोटं बोलली होती. तिला परत एक टेस्ट पाहिजे होती. गाडी अंधेरीवाल्याच्या हातात जायच्या आत.

मला असला राग आला. नुसतं म्हणायचं, मिस्त्री, उद्या परत पडघ्याला चला. नेलं नसतं मी? माझ्या कामावर खोटं कशाला घालायचं? मी हात पुसले आणि भांडायच्या तयारीनं जिना चढलो. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात जमवलेलं.

भात उतू जात होता. ती चुलीपाशी आडवी पडलेली होती.

डॉक्टर आला. डोक्यातली शीर फुटली म्हणाला. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, गाडीच्या हादऱ्यांनी का? तो म्हणाला, नाही, त्याचा संबंध नाही, हे घरात बसूनही होतं. मी ऐकलं. दारात जमलेल्या लोकांनी नाही ऐकलं. "बायकोला पोत्यासारखी वापरली आणि मारली," असं एक जण जिन्यात बोलला. मोठ्यानं बोलला, मला ऐकू यावं म्हणून. त्यांना मी काय सांगू, की त्या दिवशी हादरे नव्हतेच? कोण ऐकणार होतं? मी कुणाला काही सांगितलं नाही. आजही त्यांच्यातलं कोणी रस्त्यात भेटलं की मी बाजू बदलतो. ते म्हातारे झाले, मी म्हातारा झालो, तरी बदलतो.

दिवस मावळलेला होता, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. बायका तिच्यापाशी बसल्या. उजाडताना त्यातल्या एका वयस्क बाईनं विषय काढला. सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते अंगावर घातल्याशिवाय उचलत नाहीत.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "माहेराशी तर ह्यांचं वाकडं आहे. चाळीतलाच कोणी भाऊ म्हणून उभा करा आणि त्याच्या हातून लुगडं घाला. चालतं तसं."

"भाऊ जिवंत आहे तिचा," मी म्हटलं.

"तो येणार आहे का?"

मी खाली आलो आणि अंधेरीवाल्याची गाडी काढली.

मागं वजन नसलं की जंपर कसा आहे ते कळत नाही, हे मी सांगितलंच. गाडी उडत होती. ठाणं गेलं, कशेळी गेली, भिवंडी गेली. कुठं थांबलो नाही. पडघ्याला पोचलो तेव्हा भाऊ दुकानाच्या फळ्या काढत होता. आवाज ऐकून त्यानं पाठ केली, सवयीनं. मी दुकानासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

गाडी बंद झाल्यावर तो वळला. हातात फळी तशीच.

"दाजी, गाडी बंद का केली?"

तो माझ्या मागं बघत होता, रिकाम्या सीटकडं. ओट्यावर म्हातारी आली. कपाळावर हात धरून तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं.

"ती कुठाय?"

"गेली, आई. काल संध्याकाळी. लुगडं न्यायला आलोय."

दुसरं कसं सांगायचं मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

भावाच्या हातातली फळी पडली. तो पायरीवर बसला. मग उठला आणि अनवाणी पळत सुटला, रस्त्यापलीकडं कापडाचं दुकान होतं त्याच्या बंद दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागला. "उघडा! अक्काला लुगडं पाहिजे! उघडा!" अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. अक्का, अक्का, अक्का. आता मारत होता. मी गाडीवर बसून ऐकत होतो आणि मला त्याची दया आली नाही. आली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही आली.

तो हिरवं लुगडं घेऊन आला आणि माझ्या हातात द्यायला लागला. मी हात पुढं केला नाही.

"माहेरच्या माणसानं आणायचं असतं ते."

"मी येतो," तो म्हणाला. "एसटी येईल इतक्यात. आईला घेऊन एसटीनं येतो."

पण म्हातारी तेवढ्यात ओटा उतरून आली होती. तिनं त्याच्या हातातलं लुगडं काढून घेतलं, काखेत दाबलं, आणि गाडीच्या बाजूला येऊन उभी राहिली. हातानं चाचपून तिनं मागची सीट शोधली.

"आई, तू नको!" भाऊ म्हणाला. "लोक बघतायत. पडशील."

खरंच लोक बघत होते. हॉटेलातले सगळे बाहेर आले होते. कुणाच्या हातात कप नव्हता.

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. कासोटा चाचपला, माझ्या खांद्याचा आधार घेतला, एक पाय उचलून पलीकडं टाकला. बसली. दोन्हीकडं पाय टाकून.

"हितंच बसायची का रं ती?" तिनं विचारलं.

"हितंच," मी म्हटलं, आणि किक मारली.